कोपरापासून नमस्कार

अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने जून २०२१ मध्ये भारतीयांच्या धर्मभावनेवर एक जाडजूड अहवाल काढला. १७ भाषांत प्रश्न विचारले, २९,९९९ माणसांनी उत्तरे दिली. आकडा बाटाच्या चपलेवरच्या किमतीसारखा दिसतो, पण खरा आहे.

त्यातले ८४ टक्के लोक म्हणाले, इतर धर्मांचा आदर करणे हा अस्सल भारतीय असण्याचा फार महत्त्वाचा भाग आहे. ऊर भरून यावा असा आकडा. मग पुढचे पान उलटायचे. ३६ टक्के हिंदूंना शेजारी मुसलमान नको होता. ८६ टक्के हिंदूंचे सगळे किंवा बहुतेक जिवलग मित्र हिंदूच होते. बायकांना धर्माबाहेर लग्न करण्यापासून रोखणे फार महत्त्वाचे, असे ६७ टक्के हिंदू म्हणाले आणि ८० टक्के मुसलमान म्हणाले. कर्मावर विश्वास ठेवणारे मात्र दोन्हीकडे बरोब्बर ७७ टक्के. म्हणजे कर्म एकच, मोहल्ला वेगळा आणि पोरगी घरातली घरातच. हिंदू-मुस्लिम एकमताचा इतका भक्कम पुरावा गांधीजींच्याही हाती लागला नव्हता.

विद्वानांना यात विसंगती दिसली. आमच्या भंडाऱ्याच्या माणसाला दिसायची नाही. आदर ही लांबून करायची गोष्ट आहे, हे त्याला उपजतच ठाऊक असते. धर्म जितका दूरचा, तितका आदर मोठा. तोच धर्म गल्लीत राहायला आला की आदर संपतो आणि चौकशी सुरू होते. हा नियम तपासायला वॉशिंग्टनहून माणसे यायला नकोत. भंडारा आगारातली कुठलीही लालपरी पकडा, पुरे.

पहिला थांबा पवनी. वैनगंगेचे घाट, घाटांवर देवळेच देवळे; लोक हिला विदर्भाची काशी म्हणतात. या काशीतल्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्याने कुदळ मारली. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी खोदत गेले आणि जगन्नाथाच्या पायाखाली निघाला बौद्ध स्तूप, इसवी सनापूर्वीच्या काळातला. कोरीव दगड, दात्यांचे ब्राह्मी लेख, मुचलिंद नाग, सगळे निघाले. टेकडीने दोन हजार वर्षे बुद्धाला पोटात ठेवले आणि जगन्नाथाला डोक्यावर घेतले. कुणालाही आडनाव विचारले नाही.

या स्तूपाचा जिल्ह्याला अभिमान आहे. भाषणात तो येतो, स्पर्धा परीक्षेच्या गाइडात येतो. त्याच तालुक्यात रुयाडजवळ महासमाधीभूमीचा मोठा महास्तूप आहे. तिथे जपानी भिक्खू आले की शेजारच्या खेड्यांतले पोट्टे मोबाइल घेऊन धावतात. जपानचा बौद्ध म्हणजे पाहुणा. दोन हजार वर्षांपूर्वीचा बौद्ध म्हणजे वारसा. उरला तो मधला. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यातल्या १२ लाख माणसांपैकी दीड लाखाच्या आसपास बौद्ध होती. हा बौद्ध मेलेला नाही आणि जपानीही नाही, त्यामुळे त्याचे करायचे काय, हा प्रश्न पडतो. गावाने त्यावर उत्तर शोधले आहे. स्तूपाला ‘आपला’ म्हणायचे आणि याला ‘जयभीमवाले’.

आषाढात रोवणा लागला की हे चांगले दिसते. एका बांधीत ओळीने वाकलेल्या बाया, पिंढरीभर चिखल, एकीच्या गाण्याला दुसरीची साथ. पऱ्हे कुणाच्या हातून कुणाच्या हातात जातात याचा हिशेब कुणी ठेवत नाही. दुपारी शिदोऱ्या सुटतात तेव्हा धुऱ्यावर दोन घोळके बसलेले असतात. कुणी कुणाला उठवलेले नसते, कुणी काही बोललेले नसते. पायांनाच वाट माहीत असते. विचारले तर उत्तर तयार, “असंच बसतो जी पैल्यापासून.” या ‘पैल्यापासून’ला कुठल्याही सर्वेक्षणात रकाना नाही.

अंतर फक्त जमिनीवर मोजायचे नसते, काळातही मोजायचे असते. १९५४ साली भंडारा लोकसभेची पोटनिवडणूक झाली. मतदारसंघ दुहेरी होता, एक जागा सर्वसाधारण, एक राखीव, आणि प्रत्येकाला दोन मते. राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. दोन वर्षांपूर्वी मुंबईने त्यांना पाडले होते, ती चूक दुरुस्त करायची संधी भंडाऱ्याकडे चालून आली. भंडाऱ्याने मुंबईचा कित्ता गिरवला. काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले, बाबासाहेब आठ हजारांवर मतांनी पडले.

आता कुणी म्हणेल, बाहेरचा उमेदवार होता हो, लोकांना स्थानिक माणूस हवा असतो. ठीक. सर्वसाधारण जागेवर याच मतदारांनी निवडून दिले अशोक मेहतांना. जन्म भावनगरचा, राजकारण मुंबईचे. ते कुठे भंडाऱ्याच्या तलावात पोहायला शिकले होते? पण त्यांच्याकडे पाहताना ‘बाहेरचे’ हा शब्द कुणाच्या तोंडी आला नाही.

त्यानंतर अडीच वर्षांत बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली आणि डिसेंबरात ते गेले. माणूस गेला, अंतर पडले, आदर वाढू लागला. आज १४ एप्रिलला पुतळ्यासमोर हार घेऊन सर्वपक्षीय रांग लागते. सरबताचा स्टॉल एकाचा, ताकाचा दुसऱ्याचा. बॅनरवर इच्छुक उमेदवाराचा चेहरा बाबासाहेबांच्या चेहऱ्यापेक्षा दोन इंच मोठा. पुतळ्याला एक मोठी सोय असते. तो मत मागायला येत नाही.

पुढचा थांबा मोहाडी. इथे धर्माचे अंतर शून्य, म्हणून भांडण पुरेपूर.

या पट्ट्यात परमात्मा एक मार्गाचे सेवक गावोगाव आहेत. नागपूरच्या महानत्यागी बाबा जुमदेवांनी हा मार्ग दिला. चार तत्त्वे, तीन शब्द, पाच नियम. देव एकच मानायचा, दारू सोडायची, भेटल्यावर ‘नमस्कारजी’ म्हणायचे. या नियमांनी किती घरांतली चूल पुन्हा पेटली, हे त्या घरांतल्या बाया सांगतील. पण आमच्या गावाचा हिशेब निराळा. माणूस दारू पिऊन नालीत पडला तर तो ‘आपला’ असतो. तोच दारू सोडून सेवक झाला, शारदा-दुर्गेच्या वर्गणीला नाही म्हणाला, प्रसादाला हात पुढे करीना, की “धरम बुडवला यानं.” नालीतल्या माणसाने कुणाचा धर्म बुडवल्याचे ऐकिवात नाही.

मार्च २०२४ मध्ये मोहाडीत बागेश्वर धामच्या धीरेंद्रकृष्ण शास्त्रींचा कार्यक्रम झाला. बाबा जुमदेवांबद्दल ते जे बोलले त्यावरून सेवक भडकले, प्रकरण पोलिसांत गेले, गुन्हा दाखल झाला. आता जरा नीट पाहा. बागेश्वर बालाजी म्हणजे हनुमान. सेवक ज्यांना प्रणाम करतात ते भगवान बाबा हनुमानजी, म्हणजेही हनुमान. दोन्हीकडे देव तोच. पोलीस स्टेशनात ठाणे अंमलदाराच्या टेबलामागे फोटो असेल तर तोही बहुधा त्याचाच. परधर्माविषयी असहिष्णुता वगैरे मोठे शब्द इथे कुठे बसवणार? परधर्म यात नव्हताच. एका हनुमानाचा भक्त दुसऱ्या हनुमानाच्या भक्ताला सहन होत नव्हता, एवढेच.

ही या मातीची जुनी खोड आहे. महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या पहिल्या अनुयायांत निळभट्ट भांडारेकर याच भंडाऱ्याचे. लीळाचरित्रात ते आहेत. पुढे महानुभावांना आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत झाकून ठेवावे लागले, ते काही परक्यांच्या हौसेखातर नव्हे. जवळच्याने वेगळा देव धरला की राग येतो. दूरच्याने धरला तर आपण त्याच्या सणाला शुभेच्छा देतो.

आता मुसलमान. पानठेल्यावर बसा. खर्रा घोटून होईपर्यंत देशावर कोणते संकट आहे ते कळते. संकटाची संख्याही कळते, ती रोज वाढत असते. २०११ च्या जनगणनेप्रमाणे भंडारा जिल्ह्यात मुसलमान शंभरात दोन-सव्वादोन. ठेल्यावरच्या दहा जणांपैकी चौघांच्या गावात औषधालाही मुसलमान घर नाही. भीतीला शेजाऱ्याची गरज नसते, मोबाइलला रेंज असली की झाले. ज्यांच्या गावात घर आहे, ते बरेचदा गप्प असतात. त्यांचा ट्रॅक्टर त्याच गॅरेजवाल्याने उधारीत दुरुस्त केलेला असतो.

हेच दहा जण नागपूरला गेले की ताजबागेत चादर चढवतात. ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्यावर मन्नत मागताना कुणाला धर्म आठवत नाही, पोराची नोकरी आठवते. साठ-पासष्ट किलोमीटरवरचा, शंभर वर्षांपूर्वी पडद्याआड गेलेला मुसलमान आपल्या पोराला नोकरी लावू शकतो. समोरच्या गल्लीतल्या, हयात असलेल्या मुसलमानाच्या पोराला नोकरी लागली तर तो जिहाद असतो.

तुमसरच्या बाजूला आंबागड किल्ला आहे. तो बांधला राजा खान पठाणाने, देवगडच्या बख्त बुलंद शाहच्या वतीने. बख्त बुलंद गोंड राजा, इस्लाम स्वीकारलेला, आणि नागपूर शहर वसवणारा. आता याला कुणाच्या खात्यावर टाकायचे? गोंडाच्या, मुसलमानाच्या, की नागपूरकरांच्या? सुदैवाने तो तीनशे वर्षांपूर्वी वारला. त्यामुळे सगळ्यांना परवडतो.

ही खोड एकट्या हिंदूंची आहे, असे समजून कुणी टाळी वाजवू नये. बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेल्या बौद्ध घरात लग्नाचा बायोडेटा येतो तेव्हा दिवाणखान्यात बुद्धवंदना होते आणि स्वयंपाकघरात हळूच विचारणा होते, “बावणे का लाडवण?” जी जात नागपूरच्या मैदानावर सोडून आलो, तिची पोटजात घरी जपून ठेवलेली असते. मुसलमानांत बिरादरी पाहिल्याशिवाय निकाह ठरत नाही. प्यूवाल्यांना बौद्ध सगळ्यांत मोकळे आढळले. दहातल्या आठांच्या आसपास बौद्धांना शेजारी कुणीही चालत होता. शेजारापुरते खरे असेल. सोयरिकीचा कागद वेगळा असतो.

आणि कागदच निघाला म्हणून सरकारचाही पाहू. बौद्ध मुलगा, कुणबी मुलगी, दोघे सज्ञान, दोघांची मर्जी. १९९० च्या दुरुस्तीपासून बौद्धालाही अनुसूचित जातीचा दाखला मिळतो, म्हणजे जात वेगळी ठरली. आंतरजातीय लग्नाला शासन ५० हजार रुपये देऊन पाठ थोपटते. पण दाखल्यावर धर्मही वेगळा. डिसेंबर २०२२ मध्ये याच राज्याने आंतरजातीय आणि आंतरधर्मीय लग्नांची माहिती गोळा करायला समन्वय समिती नेमली. ओरड झाली, तेव्हा आंतरजातीय वगळले आणि आंतरधर्मीय ठेवले. मग आमच्या या जोडप्याने जायचे कुठे? एका टेबलावर त्यांचे अभिनंदन आणि दुसऱ्या टेबलावर त्यांची फाइल. नशीब की दोन्ही टेबले जेवायला एकाच वेळी उठतात.

आता पुढचे तिरके लिहिता येत नाही, सरळ लिहितो.

२९ सप्टेंबर २००६. मोहाडी तालुक्यातले खैरलांजी. भोतमांगे कुटुंबातली आई, मुलगी आणि दोन मुलगे जमावाने ठार मारले. वडील वाचले. धम्मदीक्षेचे ते पन्नासावे वर्ष होते आणि दसरा तीन दिवसांवर आला होता. गावातली बौद्ध घरे मोजकी. या घरातली मुलगी शिकत होती, आई शेतातून वाट काढू देत नव्हती. राज्यभर आग पेटायला महिना लागला. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी धरले, सहा जणांना फाशी सुनावली, पण अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालचा गुन्हा त्याला दिसला नाही. जुलै २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने फाशीची २५ वर्षे कैद केली. ते म्हणाले, हा सूड होता. वडील वरच्या न्यायाची वाट पाहत जानेवारी २०१७ मध्ये गेले. मधल्या काळात खैरलांजी ‘तंटामुक्त’ ठरल्याची बातमीही वर्तमानपत्रांत छापून आली.

या प्रकरणावर जिल्ह्यातल्या भल्याभल्यांशी बोला. कुणी हत्येचे समर्थन करणार नाही, ८४ टक्क्यांतलीच माणसे ती. मान हलवतील, वाईट झाले म्हणतील आणि आवाज खाली आणून सांगतील, “जातीधर्माचं नव्हतं जी ते, धुऱ्याचं भांडन होतं.” विदर्भात धुऱ्याची भांडणे मोप होतात. कोर्टात पिढ्या जातात, कुऱ्हाडीही निघतात. पण धुऱ्यासाठी अख्खे गाव एका घरावर चालून जाते, तेव्हा ते घर कुणाचे होते हे विचारावे लागते. तेवढेच सोडून आपण बाकी सगळे विचारले.

आता तसे काही होत नाही म्हणतात. आता मारत नाहीत, फक्त खोली देत नाहीत. याला प्रगती म्हणायचे असेल तर म्हणा.

बँकेत बदलून आलेला एक तरुण भंडाऱ्यात खोली शोधतो आहे. वरचा मजला रिकामा, गेटवर पाटी, काकाजी झोपाळ्यावर.

“खोली पाहायले आलो होतो, काकाजी.”

“या ना, या. नाव काय म्हनले?”

“शेंडे.”

इथे काकाजींचा झोपाळा थांबतो. विदर्भात शेंडे ब्राह्मण असतो, माळी असतो, तेली असतो, बौद्धही असतो. सरकारने आधार कार्ड काढले, पण त्यावर खरी माहिती छापायची राहून गेली.

“कोनते शेंडे जी?”

“लाखांदूरकडले.”

“तसं नाई. गावात घर कोनत्या आंगानं?”

“तलावाच्या पाळीजवळ.”

तलावांच्या जिल्ह्यात या उत्तराने कुणाचाही उलगडा होत नाही. काकाजी विचार करतात. जेवणाचे विचारावे, तर रविवारी झिंग्यांचा वास याच घरातून गल्लीभर जातो. मग त्यांना सुचते.

“दसऱ्याले गावीच राहता, का नागपूरले जाता?”

हा प्रश्न ज्याने पहिल्यांदा शोधला त्याला प्यूवाल्यांनी नोकरीवर घ्यायला हवे होते. त्यांना अडीचशे पाने लिहून जे कळले नसते ते या एका सणात कळते. पोरगा हसून म्हणतो, “नागपूरले जी, दरसाल. दीक्षाभूमीवर.”

“वा वा. जाव लागते. बाबासाहेब म्हनजे लय मोठा मानूस. आमी सप्पा धरम मानतो जी, आपल्या मनात तसं काई नाई.” झोपाळा पुन्हा हलू लागतो. “पन माय जुन्या वळनाची हाये. तिले नाई चालत.”

पोरगा बूट घालायला वाकतो. दारावरच्या भिंतीवर त्या मायचा फोटो आहे. फोटोला चंदनाचा हार आहे. हारावर बरीच वर्षांची धूळ आहे.

पुढची जनगणना २०२७ ची आहे. धर्म विचारणार आहेत, या वेळी जातही विचारणार आहेत. विचारू द्या, त्या आकड्यांवर पुढारी दहा वर्षे जगतील. पण सर्वेक्षणवाल्यांनी मात्र आदराचा प्रश्न आता काढून टाकावा. आदर फुकट असतो, म्हणून ८४ टक्के लोक तो देतात. त्याऐवजी दोनच प्रश्न ठेवावेत. वरची खोली कोणाला देणार नाही, आणि का? पहिल्या प्रश्नाला काकाजी उत्तर देणार नाहीत. दुसऱ्याचे उत्तर माय देईल.